बागेतल्या शोभेच्या झाडांचे हर्बेरियम नमुने: लेबलवर नेमकं काय लिहायचं?

पानफुटी

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या आवारातली शोभेची झुडपं आणि हंगामी फुलझाडं यांचे हर्बेरियम नमुने, म्हणजे दाबून, वाळवून कागदाच्या शीटवर चिकटवलेल्या फांद्या, करायचे आहेत. यादीत जास्वंद, तगर, एक्झोरा, टेकोमा, ड्युरांटाचं कुंपण, बोगनवेल, कर्दळ, अबोली, कोरांटी, झेंडू, झिनिया, चिनी गुलाब, सदाफुली वगैरे. रानातल्या वनस्पतींच्या लेबलचा साचा ठरलेला असतो: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, संग्राहक, क्रमांक, अधिवास. तोच इथे वापरला की अधिवासाच्या रकान्यात सगळीकडे नुसतं "बाग" येतं आणि सगळ्या शीट एकमेकींची झेरॉक्स वाटतात.

तीन प्रश्न आहेत.
१. लावलेल्या झाडाच्या लेबलवर जास्तीचं काय हवं?
२. नर्सरीवाले जिला "व्हरायटी" म्हणतात ती कशी लिहायची?
३. जास्वंद आणि कर्दळ कागदाला चिकटून त्यांचा चिखल होतो, त्यावर उपाय काय?

कातळफूल

मुळात हे करायचं कशाला? सगळीकडे कपाटं भरलेली, रानातले नमुने गठ्ठ्यांत पडून, माउंटिंगला माणूस नाही. त्यात ड्युरांटाच्या कुंपणाची शीट कोण ठेवून घेणार? टेकोमा पुण्यात तोच आणि पणजीतही तोच. फोटो काढा, यादी करा, मोकळे व्हा.

घाणेरी गँग

घाणेरीसुद्धा आपल्याकडे शोभेचं झुडूप म्हणूनच आली होती हो. एवढं नोंदवतो आणि खाली बसतो.

जुना ब्लॉटर

@कातळफूल, जागेची अडचण खरी. बाकी असहमत.

ज्या नमुन्यांवर वनस्पतींची नावं उभी आहेत त्यातले कितीतरी बागेतलेच आहेत. नेदरलँड्समध्ये हार्टेकाम्प इथे जॉर्ज क्लिफर्डची बाग होती. तिथल्या वनस्पतींवरचा, शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा ग्रंथ 1738 मध्ये बाहेर आला. त्या बागेचं हर्बेरियम आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. देठाच्या टोकाशी छापील कलश चिकटवलेला, जणू फांदी फुलदाणीतच खोचली आहे, आणि नावासाठी नक्षीदार चौकट. दिखाऊ वाटेल, पण त्यातल्या अनेक शीट लिनियसच्या नावांचे टाइप नमुने (नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना) ठरल्या आहेत. इंग्लंडमध्ये विस्लीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं हर्बेरियम आहे, संकेताक्षर डब्ल्यूएसवाय. ते तर खास बागेतल्या झाडांसाठीच चालतं.

आपल्याकडचं पाहा. पुण्याजवळ दापोडीला 1828 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे अलेक्झांडर गिब्सन तिथे अधीक्षक होता आणि त्याने झाडांची चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. डाल्झेल आणि गिब्सन यांनी 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं तेव्हा बागेतल्या आणि बाहेरून आलेल्या झाडांना वेगळी पुरवणी दिली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही "बागेतलं आहे, सोडून द्या" असं वाटलं नव्हतं. चित्रात रंग उत्तम दिसतो, पण पानाखालची लव साधी आहे की ग्रंथीची, हे चित्राला भिंग लावून कळत नाही. शीटला लावून कळतं. तुमच्या फोटोचंही तेच.

आणि शोभेचं झाड कुंपण ओलांडून बाहेर कधी पडलं, याचा पुरावा दोन तारखांमध्ये असतो. बागेतल्या शीटची तारीख आणि रानातल्या पहिल्या शीटची तारीख. पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला फुलणारा नारिंगी कॉसमॉस, कॉसमॉस सल्फ्युरियस, मेक्सिकोकडचा आहे आणि बागांतूनच बाहेर पडला. जुन्या बागेतून त्याची लेबल लावलेली शीट कोणी केली असेल तर तिचं मोल आज कळतं.

कातळफूल

कॉसमॉसवर निरुत्तर. मग अट एकच: लावलेलं आणि बाहेर पडलेलं यातला फरक लेबलवर ठळक हवा. तसा नसेल तर शीट नसलेली बरी. "पुणे" एवढंच लिहिलेली तगरीची शीट पाहून उद्या कोणीतरी तिला पुण्याची रानवनस्पती ठरवेल.

डेटाचा हमाल

ठरवतातच. जीबीआयएफवरून (जगभरच्या जीवनोंदींचा खुला ऑनलाइन साठा) एखाद्या शोभेच्या झुडपाच्या नोंदी उतरवून बघा. युरोपातल्या वनस्पती उद्यानांवर आणि विद्यापीठांच्या आवारांवर ठिपक्यांची गर्दी दिसेल. तो डेटा तसाच, झाड कुठे वाढू शकेल ते सांगणाऱ्या मॉडेलमध्ये घातला की उष्ण कटिबंधातलं झाड बर्फातही सुखाने वाढतं असा निष्कर्ष निघतो, कारण ते काचघरात होतं हे नोंदीत कुठेच नसतं. संस्थांच्या आसपासचे ठिपके हेरणारं कोऑर्डिनेटक्लीनर नावाचं आर या संगणकभाषेतलं पॅकेज आहे. पण कॉलेजच्या आवारातलं खरंखुरं रानटी तणही त्यात पकडलं जातं. म्हणून दुरुस्ती लेबलवरच व्हायला हवी.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: "लागवड: होय/नाही" असा रकाना करू नका, तो अपुरा पडतो. चार स्थिती वेगळ्या लिहा.

मुद्दाम लावलेलं. लावलेल्याच्या आसपास आपोआप रुजलेलं (सदाफुली फरशीच्या फटीत उगवते तसं). बागेबाहेर सापडलेलं, पण फुलं-बी धरताना न दिसलेलं. बागेबाहेर बी धरून, रोपं वाढवून स्वतःच्या बळावर टिकलेलं.

डार्विन कोअर या नोंदींच्या मानकात यासाठी "डिग्री ऑफ एस्टॅब्लिशमेंट" हा स्वतंत्र रकाना आहे आणि त्यात शब्दांची ठरलेली यादी आहे. "कल्टिव्हेटेड" हा त्यातलाच एक. पूर्वी हे सगळं "एस्टॅब्लिशमेंट मीन्स"मध्ये कोंबलं जायचं. आता तिथे फक्त मूळचं की बाहेरून आणलेलं एवढंच येतं.

अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत पुरे. चौथा दशांश म्हणजे साधारण 11 मीटर. मोबाइल आठ आकडे दाखवतो म्हणून आठ उतरवू नका, ती अचूकता खोटी असते. त्याऐवजी शेजारी अनिश्चितता मीटरमध्ये लिहा, आकडा फोनच दाखवतो. आणि ठिकाण शब्दांतही हवं: "मुख्य इमारतीच्या पूर्वेचा वाफा, ग्रंथालयाच्या जिन्यालगत". इमारत पडेल, नाव बदलेल, तरी शब्द आणि आकडे मिळून जागा शोधता येते.

तगर

हमालसाहेब, एक तिढा. पाडलेल्या बंगल्याच्या जागी उरलेलं झुडूप. लावलेलं तर होतं, पण आता बागच नाही. त्याची स्थिती कोणती?

डेटाचा हमाल

मुद्दाम लावलेलं, आणि शेऱ्यात "जुन्या लागवडीचा अवशेष, देखभाल नाही". त्यापुढे डोळ्यांना दिसेल ते: आसपास रोपं आहेत की नाहीत, फळ धरलंय का, फुटवे मुळातून येतायत का. अर्थ पुढचा माणूस लावेल. "नॅचरलाइज्ड" (बाहेरून येऊन स्वतःच्या बळावर टिकलेलं) असा निकाल एका झुडपावरून देऊन टाकू नका.

अबोली

बागेतल्या फुलांची खरी गोम रंगात आहे आणि वाळल्यावर नेमका तोच जातो. पिवळे-नारिंगी रंग त्यातल्या त्यात टिकतात. गोकर्णाचा निळा फिका पडतो, मोगरा तपकिरी होतो. बोगनवेलीची रंगीत पानं मुळातच कागदासारखी कोरडी असल्याने बरीच वर्षं तग धरतात. शीटवर जे उरणार नाही ते लेबलवर गेलंच पाहिजे.

त्यातही नुसता रंग लिहून भागत नाही, वेळ लिहा. हिबिस्कस म्युटाबिलिसचं फूल सकाळी पांढरं उमलतं आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी होतं. रंगूनची वेल (काही ठिकाणी हिलाच मधुमालती म्हणतात) संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल. ब्रुनफेल्सिया जांभळ्याचा पांढरा होतो. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी असतात. तिथे "फूल पिवळं-गुलाबी" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं एकेका फुलात दोन रंग आहेत. "उमलताना पिवळं, नंतर गुलाबी" असं लिहा. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमाराला उमलते. सकाळी अकराला गोळा केली तर मिटलेली नळीच दाबली जाणार. शिवाय एकाच झाडावर वेगवेगळ्या रंगांची फुलं येतात, म्हणून कुठल्या फांदीवर कोणता रंग तेही लिहा.

वासही लिहा. रातराणीचा नमुना दुपारी केला असेल आणि "वास नाही" लिहिलं असेल तर ती नोंद दिशाभूल करते. वेळ शेजारी असेल तर करत नाही.

रंगारी

+१, पण "गुलाबी" म्हणजे कोणतं? लेबलांवरचे राणी, बेबी पिंक, फिकट गुलाबी हे पुढच्या पिढीला निरुपयोगी. शोभेच्या झाडांसाठी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता जगभर चालतो. पट्ट्यांना भोकं असतात, पाकळी भोकामागे धरून जुळवायची आणि क्रमांक लिहायचा. उत्तरेकडून येणाऱ्या नैसर्गिक उजेडात बघायचं. थेट उन्हात नाही, ट्यूबलाइटखाली तर नाहीच. पाकळीचा कोणता भाग (मध्य, कड, घसा, पाठ) तेही लिहायचं.

घाणेरी गँग

त्या तक्त्याची किंमत कोणत्या रंगात लिहितात?

रंगारी

लाल शाईत :)

खरंच महाग आहे. विभागात एक घेऊन सगळ्यांनी वापरावा. तोही अंधारात ठेवावा, कारण पट्ट्यांचे रंगही उतरतात.

तगर

तक्ता नसेल तर ताज्या फुलाचा फोटो, शेजारी करडं कार्ड आणि मोजपट्टी. एवढ्याने काम भागतं असं माझं मत.

रंगारी

ओळखीसाठी भागतं, रंगाच्या नोंदीसाठी नाही. मोबाइल प्रत्येक फोटोला आपल्या मनाने व्हाइट बॅलन्स करतो. लाल आणि किरमिजी तर असे पिळवटतो की जास्वंदीचे दोन वेगळे वाण एक दिसतात. करडं कार्ड चौकटीत असेल तर निदान नंतर सुधारता येतं. फोटोच्या फाइलला संग्राहकाचं नाव आणि क्रमांक द्या. "आयएमजी_२०३४" शीटपासून एकदा तुटली की परत जोडायला कोणी येत नाही.

चिकटपट्टी

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेना म्हणून मीच.

जास्वंद: चिकटपणा तिच्या बुळबुळीत द्रवाचा आहे, तो जाणार नाही. कागद बदलावा लागतो. फूल बटर पेपरच्या किंवा मेणकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा. एका फुलाची नळी एका बाजूने उभी चिरून पाकळ्या पंख्यासारख्या उघडा, म्हणजे केसरनलिका बुडापासून टोकापर्यंत दिसते. दुसरं फूल पालथं दाबा, निदलपुंजाखालची छोटी बाह्यदलं दिसली पाहिजेत, ओळख तिथे ठरते. एक कळी वेगळी. झुंबरासारखी लोंबणारी झालरदार जास्वंद, हिबिस्कस शायझोपेटॅलस, असेल तर "फूल लोंबतं" हे लेबलवर लिहाच, दाबल्यावर वरखाली कळत नाही.

कर्दळ: पाकळ्या म्हणून जे दिसतं ते बहुतेक रंगीत वांझ पुंकेसर असतात आणि तोडल्यावर बघता बघता मऊ पडतात. झाडाशेजारीच दाबायची, घरी आणून नाही. फूल पातळ टिश्यूत गुंडाळा आणि रोज कागद बदलताना फक्त बाहेरचे बदला. ओल्या टिश्यूला हात लावला की फूल त्याच्याबरोबर निघून येतं. वाळल्यावर टिश्यू सुटला तर काढा, नाहीतर तसाच पाकिटात ठेवा. पान मोठं असतं, ते झेडसारखं दुमडा, पण एक घडी अशी पडू द्या की पाठही दिसेल. कंदाची उभी चकती घ्या. पूर्ण झाडाची उंची लेबलवर.

झेंडू, झिनिया, शेवंती: एक फूल अखंड आणि एक उभं अर्धं कापून, कापलेली बाजू वर. फूल जाड, पान पातळ, म्हणून प्रेस (नमुने दाबायची चौकट) आवळला तरी पानावर दाब पोचत नाही आणि ते सुरकुततं. फुलाच्या भोवती वर्तमानपत्राच्या घड्या रचून पातळी सारखी करा.

चिनी गुलाब: रसाळ पानं प्रेसमध्ये जिवंत राहतात आणि मग गळतात. फूल बाहेर ठेवून फांदी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, टिपून घ्या, मग दाबा. फूल उन्हं चढल्यावर उघडतं आणि तोडल्यावर मिटायला लागतं, तेव्हा कागद आधीच उघडून ठेवा. हाच प्रकार पानफुटीचा. ती न मारता दाबली तर प्रेसमध्येच पानाच्या कडेला रोपं फुटतात. धागाकर्तीने मनाला लावून घेऊ नये.

चाफा, कण्हेर, अलामांडा: चीक गळू द्या, टिपा, मग बटर पेपर. चाफ्याची जाड फांदी उभी चिरून आतला गर काढा, नाहीतर तिथूनच बुरशी लागते. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, काम झाल्यावर हात आणि कात्री दोन्ही धुवा.

दमट कोकण

सुरेख प्रतिसाद, वाचनखूण साठवली आहे. वाळवण्याबद्दल भर घालतो, कारण शोभेची झाडं लोक पावसाळ्यात दाबतात आणि मग बुरशी लागली म्हणून रडतात.

पहिल्या 24 तासांच्या आत कागद बदला. ही पहिली बदली सगळ्यात महत्त्वाची, झाड मऊ पडलेलं असतं तेव्हाच दुमडलेली पानं सरळ करता येतात. पुढचे चार-पाच दिवस रोज, मग एक दिवसाआड. वर्तमानपत्र, टिपकागद, मग पन्हाळी पुठ्ठा, पुन्हा टिपकागद असा थर लावा. पन्हाळ्या सगळ्या एकाच दिशेने, त्यातूनच हवा खेळते. नमुना वाळला की नाही ते गालाला लावून बघा. गार लागला तर ओल आहे. उचलल्यावर मान टाकत असेल तरी आहे.

पावसात खोक्यात खाली बल्ब लावून वर प्रेस ठेवतात. तापमान 40 ते 45 अंश सेल्सिअस पुरे. 60 च्या वर गेलं की पानं तपकिरी आणि ठिसूळ, डीएनएही खराब. बल्ब आणि कागद यांत भरपूर अंतर ठेवा आणि खोकं चालू ठेवून घरी जाऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये वाळवणारे महाभाग आहेत. नमुना दिसतो छान, पण बी मरतं आणि डीएनएची वाट लागते. तसं केलंच तर लेबलवर लिहा.

वीज नसेल तर नमुने वर्तमानपत्रासकट गठ्ठा करून पॉलिथिनच्या पिशवीत घाला, 60-70 टक्के अल्कोहोल कागद भिजतील इतकं ओता आणि तोंड घट्ट बांधा. काही आठवडे राहतं. रंग मात्र पार जातो, म्हणजे @अबोली म्हणतात ती नोंद आधीच झालेली हवी. आणि क्रमांक पेन्सिलीने. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग हाती निनावी गठ्ठा उरतो.

डीएनएसाठी वेगळं कोवळं पान कापून सिलिका जेलमध्ये, पानाच्या वजनाच्या किमान दहापट जेल.

ओवळा

ड्युरांटाच्या कुंपणाचं काय? सतत छाटल्यामुळे ना फूल ना फळ.

चिकटपट्टी

कुंपणाचं टोक किंवा माळ्याच्या कात्रीतून सुटलेली मागची बाजू शोधा, तिथे बहुधा एखादी फांदी फुललेली असते. छाटलेल्या फुटव्याची पानं आकाराने वेगळी असतात, म्हणून शक्य तर छाटलेली आणि न छाटलेली दोन्ही एकाच शीटवर लावा आणि कोणती कोणती ते लिहा. झुडूप तेच आणि दिवसही तोच, म्हणून क्रमांकही तोच. काहीच नाही मिळालं तर फुलाविना नमुना करा, पण शेऱ्यात "छाटलेलं कुंपण, फूल-फळ नाही" हवं. दुहेरी तगरीचाही असाच वांधा आहे, फळ मिळत नाही. एकेरी तगर जवळपास असेल तर तिचा नमुना वेगळ्या क्रमांकाने करा, दोन्ही एका शीटवर नकोत.

बोगनबाई

आता दुसरा प्रश्न, वाणाचं नाव. लागवडीच्या वनस्पतींच्या नावांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संहिता आहे. वाणाचं नाव एकेरी अवतरणात, सरळ अक्षरांत, तिरप्या नाही. मधे "सीव्ही" (कल्टिव्हर, म्हणजे वाण) लिहायची पद्धत आता बंद आहे. उदाहरणार्थ बोगनविलिया × बटियाना 'मिसेस बट'.

पण नर्सरीवाल्याने सांगितलं म्हणून ते अवतरणात घालू नका. एकाच बोगनवेलीला तीन नर्सऱ्या तीन नावं देतात. खात्री नसेल तर मुख्य नावात फक्त प्रजाती किंवा संकर, आणि शेऱ्यात "विक्रेत्याने दिलेलं नाव: अमुक". रोप कुठून, कोणत्या वर्षी आणलं, कलम की बियांचं, हे माळ्याला विचारून लिहा. नोंदवहीत असेल तर उत्तम. बोगनवेलीच्या वाणांची जगाची नोंदणी आपल्याच दिल्लीत, भारतीय कृषी अनुसंधान संस्थेकडे असते, त्यामुळे नाव आहे की नाही ते पडताळायची सोय आहे.

प्रजातीच्या पातळीवर वाळलेली शीट छान बोलते. रंगीत पानांच्या मधे जी बारकी नळी असते ती भिंगाखाली बघा. ग्लाब्रा या प्रजातीत नळी पाच कोनांची, लव आखूड आणि वाकडी, पानं जवळजवळ गुळगुळीत. स्पेक्टाबिलिसमध्ये नळी गोलसर, लव लांब आणि सरळ, पानंही लवदार. बटियाना हा ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना यांचा संकर. हे सगळं फोटोत दिसत नाही, @कातळफूल.

कातळफूल

दिसत नाही, मान्य. किती वेळा मान्य करू?

तरी एक. शोभेच्या जास्वंदी इतक्या संकरांतून आल्या आहेत की सगळ्यांना डोळे मिटून "रोझा-सायनेन्सिस" लिहिणं मला पटत नाही.

बोगनबाई

बरोबर. तिथे "हिबिस्कस, रोझा-सायनेन्सिस गटातला बागेतला संकर" लिहिणं अधिक प्रामाणिक. ओळख बदलली तर जुन्या लेबलवर खाडाखोड करू नका. ओळखचिठ्ठी वेगळी चिकटवा: नवीन नाव, ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष. सदाफुलीच्या जुन्या शीटवर "व्हिंका रोझिया" असतं. ते तसंच राहू द्यायचं, शेजारी "कॅथरँथस रोझियस"ची चिठ्ठी. पडताळणीसाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. आधी परवानगी घेऊन जा.

कसर

अवांतर, पण नावाला जागतो. वाळलेल्या झेंडूसारखी मेजवानी नाही. सूर्यफुलाच्या कुळातली फुलं म्हटली की तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा, धावत येतो. चार महिन्यांत पाकळ्यांचा भुसा. उपाय काय करता?

जुना ब्लॉटर

पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड अल्कोहोलमध्ये विरघळवून नमुना त्यात बुडवत. कीड वर्षानुवर्षं फिरकत नसे. काही ठिकाणी अजून चालतं आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं टिकाऊ काही नाही.

दमट कोकण

ब्लॉटरकाका, टिकाऊ आहे कारण पारा आहे. तो कागदात राहतो, पुढची शंभर वर्षं शीट हाताळणाऱ्याच्या हाताला लागतो आणि बंद कपाटात त्याची वाफ साचते. विद्यार्थ्यांच्या हाती हे द्यायचं कारणच नाही. डीप फ्रीझर वापरा. शीट पॉलिथिनमध्ये हवाबंद करा, उणे 20 अंशांवर सात दिवस. घरगुती फ्रीझर उणे 18 पर्यंतच जात असेल तर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. शीट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड कागदावर पाणी होऊन बसते. डांबराच्या गोळ्या कीड लांब ठेवतात, आत शिरलेली मारत नाहीत. कोकणात गठ्ठा निदान वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फ्रीझरमधून काढाच.

जुना ब्लॉटर

जुन्या पारा लावलेल्या शीट हातमोजे घालूनच हाताळाव्यात आणि खिडकी उघडी ठेवावी, एवढं मी जोडतो. नव्या नमुन्यांना फ्रीझर, चालेल.

ओवळा

चिकटवायला फेव्हिकॉल चालतो का? शीट कोणत्या मापाची?

चिकटपट्टी

आपल्याकडे 28 × 42 सेंटिमीटर. कागद आम्लविरहित हवा, साधा ड्रॉइंग पेपर पिवळा पडून तडकतो. पांढरा डिंक बरेच जण वापरतात. पण सबंध पानाला लेप देऊ नका, पुढे पान सोडवून पाठ बघावी लागते. थेंबाथेंबाने लावा, जाड देठ पांढऱ्या दोऱ्याने टाचा. लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात. गळालेल्या पाकळ्या आणि बिया पाकिटात, पाकीट शीटवरच. सेलोटेप कधीच नको. दोन-तीन वर्षांत चिकटा पिवळा होतो आणि पट्टी गळून पडते. (हे माझं सदस्यनाम असूनही सांगतोय.)

पानफुटी

सगळ्यांना दंडवत. वरच्या चर्चेवरून एक लेबल जुळवलंय. कुऱ्हाड चालवा. ("लि." म्हणजे नाव देणारा लिनियस.)

हिबिस्कस म्युटाबिलिस लि., कुळ माल्व्हेसी
ठिकाण: महाराष्ट्र, पुणे जिल्हा, पुणे शहर, कॉलेजचं आवार, वसतिगृहाच्या दक्षिणेचा वाफा
अक्षांश-रेखांश: चार दशांश, अनिश्चितता 10 मी
स्थिती: मुद्दाम लावलेलं, आसपास रोपं नाहीत
उगम: नर्सरीतून आणलेलं कलम, वर्ष माळ्याला माहीत नाही, विक्रेत्याने वाणाचं नाव दिलं नव्हतं
वर्णन: झुडूप, उंची 2.5. फूल दुहेरी, सकाळी 8 वाजता पांढरं, संध्याकाळी 5 वाजता गडद गुलाबी. दोन्ही वेळची फुलं याच झाडाची. वास नाही. फळ दिसलं नाही
ताजे फोटो: होय, करड्या कार्डासह, फाइलला हाच क्रमांक
तारीख: 5/9/24
संग्राहक आणि क्रमांक:

अबोली

सकाळचं आणि संध्याकाळचं फूल शीटवर कोणतं ते कसं कळणार? वाळल्यावर दोन्ही तपकिरी होतील. फुलाशेजारी पेन्सिलीने "स. 8" आणि "सं. 5" लिहा.

रंगारी

"गडद गुलाबी"च्या पुढे तक्त्याचा क्रमांक. तक्ता मिळेपर्यंत निदान जागा मोकळी सोडा.

डेटाचा हमाल

चांगलं जमलंय. तीन गोष्टी. उंचीला एकक नाही, 2.5 मीटर की फूट? तारखेत महिना शब्दात आणि वर्ष चार आकडी: 5 सप्टेंबर 2024, नाहीतर अमेरिकेतला वाचक 9 मे वाचेल आणि 24 म्हणजे 1924 की 2024 हा वाद वेगळाच. आणि संग्राहक क्रमांक. प्रत्येकाची एकच सलग मालिका असते, दरवर्षी किंवा दर प्रकल्पाला एकपासून सुरू करायची नाही. याच झुडपावर पुढे फळ सापडलं तर त्याला नवा क्रमांक द्या आणि शेऱ्यात या शीटचा क्रमांक लिहा.

पानफुटी

मीटर. बाकी बदल करते. ड्युरांटाची फुललेली फांदी सापडली आहे, कुंपणाच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या बाजूला.